सोलापूरच्या मुलांना पुरा डाव हवा

रविवारी सकाळी एखाद्या मंगल कार्यालयाच्या किंवा शाळेच्या सभागृहात लांब टेबलांच्या रांगा लागतात. टेबलांवर गुंडाळून आणलेले हिरवे-पांढरे पट पसरले जातात, प्रत्येक पटाशेजारी डिजिटल घड्याळ येते आणि भिंतीवर पहिल्या फेरीचे पेअरिंग चिकटते. सात वर्षांखालील, नऊ वर्षांखालील, अकरा, तेरा, पंधरा असे गट पाडलेले असतात. प्रत्येक खेळाडूला दहा किंवा पंधरा मिनिटे आणि प्रत्येक चालीला काही सेकंदांची भर मिळते. संध्याकाळी पाचच्या सुमारास चषक वाटून होतात, फोटो निघतात आणि मोहोळ, बार्शी, अक्कलकोटहून आलेली कुटुंबे एसटी पकडायला निघतात. सोलापुरातच नव्हे, महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्ह्याच्या गावी मुलांची बुद्धिबळ स्पर्धा म्हणजे हाच एक दिवस असतो. त्या दिवसात मुलाने सात-आठ डाव खेळलेले असतात, पण त्यांतला एकही पुरा खेळलेला नसतो.

पुरा म्हणजे काय, ते एका साध्या स्थितीवरून कळते. पांढरा राजा ई-५ घरात, त्याच्या मागे ई-४ वर त्याचे एकुलते एक प्यादे आणि समोर ई-७ वर काळा राजा. पटावर दुसरे काहीच नाही. दोन्ही राजे मधले एकच घर सोडून समोरासमोर उभे आहेत. आता चाल काळ्याची असेल तर त्याला बाजूला व्हावेच लागते, पांढरा राजा दुसऱ्या बाजूने पुढे घुसतो आणि प्याद्याचा वजीर होतो. चाल पांढऱ्याची असेल तर डाव बरोबरीत सुटतो. सोंगट्या त्याच, घरे तीच. चाल कोणाची एवढ्यावरच निकाल फिरतो. खेळाडू याला ऑपोझिशन म्हणतात आणि कोणताही चांगला प्रशिक्षक ते पहिल्या वर्षातच शिकवतो. शिकवलेले प्रत्यक्ष डावात आठवायला मात्र मिनिटे लागतात. तीन चाली आधी हत्तीची हत्तीशी मारामारी करायची की नाही, हे ठरवताना ही स्थिती डोळ्यांसमोर आणावी लागते. दहा मिनिटांच्या डावात अकरा वर्षांचे मूल त्या क्षणी पोचते तेव्हा घड्याळात चाळीस सेकंद उरलेले असतात. ते हात घालते, हत्ती मारते आणि अर्धा गुण घालवते. पुढच्या फेरीचे पेअरिंग लागलेले असल्यामुळे काय चुकले हे बघायलाही वेळ नसतो. बघायचे म्हटले तरी बघणार कशात? जलद डावात चाली लिहून ठेवण्याची सक्ती नसते, त्यामुळे स्कोअरशीट नाही. डाव हरवला आणि पुसलाही गेला.

मुलांच्या बुद्धिबळातली ही सर्वांत मोठी नासाडी आहे. गरीब कुटुंब प्रवेश फी भरते, बाप एका दिवसाची मजुरी सोडतो, मूल सकाळी पाचला उठते. एवढ्या खर्चाच्या बदल्यात त्याच्या हाती चूक दाखवणारा कागदसुद्धा येत नाही.

यावर लगेच एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. जलद बुद्धिबळ हा आता जगभर मानाचा प्रकार आहे. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बटुमी शहरात नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, तो जलद डावातच. अंतिम फेरीतले दोन्ही क्लासिकल, म्हणजे मोठ्या वेळेचे, डाव बरोबरीत सुटले, टायब्रेकमधला पहिला जलद डावही बरोबरीत गेला आणि दुसऱ्यात काळ्या सोंगट्यांनी खेळणाऱ्या दिव्याने बाजी मारली. त्या एका विजयाने ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. तोवर तिच्याकडे त्या किताबासाठी लागणारा एकही नॉर्म नव्हता. मग जलद डावांना नावे का ठेवायची?

ठेवायचीच नाहीत. जलद डावात मजा आहे, धिटाई आहे, नवख्या मुलाला खेळाची गोडी लागते ती तिथेच. प्रश्न एवढाच की ती धिटाई येते कुठून. बटुमीला पोचण्याआधी दिव्याने दहा आणि बारा वर्षांखालच्या गटांतली जागतिक पदके मिळवली होती, २०२४ मध्ये गांधीनगरला ज्युनिअर मुलींची जागतिक स्पर्धा अकरापैकी दहा गुणांनी जिंकली होती, त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये सुवर्णपदक घेतले होते. हे सगळे तासन् तास चालणाऱ्या डावांतून आले. आणि विश्वचषक हातात येऊन काही मिनिटेही झाली नव्हती, तेव्हा ती मुलाखतीत म्हणाली की आपल्याला एंडगेम, म्हणजे डावअखेरी, शिकायला हवेत. विश्वचषक जिंकलेल्या मुलीला जे अजून अपुरे वाटते, ते आपण अकरा वर्षांच्या मुलाला दहा मिनिटांत जमावे अशी अपेक्षा धरतो.

डावअखेरीचा याहून मोठा दाखला १२ डिसेंबर २०२४ चा आहे. सिंगापूरमध्ये डी. गुकेश आणि डिंग लिरेन यांच्या जागतिक अजिंक्यपदाच्या लढतीतला चौदावा, शेवटचा डाव. काळ्या सोंगट्यांनी खेळणाऱ्या गुकेशकडे एक प्यादे जास्त होते, दोघांकडे एकेक हत्ती आणि एकेक उंट होता. ही स्थिती बरोबरीची आहे हे बघणाऱ्या सगळ्या ग्रँडमास्टरांना माहीत होते, गुकेशलाही माहीत होते. तरी तो खेळत राहिला. चार तासांच्या आसपास डाव चालल्यावर पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती चुकीच्या घरात नेला. गुकेशने हत्ती मारून घेतले, मग उंट मारून घेतले आणि उरलेल्या राजा-प्याद्यांच्या स्थितीत जिंकायला फक्त गणित बाकी होते. सुरुवातीला सांगितलेली समोरासमोरच्या राजांची विद्या इथे अठरा वर्षांच्या मुलाला जगज्जेतेपद देऊन गेली. बरोबरीच्या स्थितीत चार तास बसून राहण्याची सवय सिंगापूरला गेल्यावर लागत नाही. ती नवव्या-दहाव्या वर्षी, गावातल्या स्पर्धेत लागते किंवा लागत नाही.

आयोजकांचे म्हणणे ठरलेले असते : मोठे डाव भरवायला पाच-सहा दिवस लागतात, सभागृहाचे भाडे परवडत नाही, शाळा सुट्टी देत नाहीत. नव्वद मिनिटे अधिक प्रत्येक चालीला तीस सेकंद अशा वेळेत नऊ फेऱ्या खेळवायच्या तर हे खरेच आहे. पण मुलांना तेवढ्या वेळेची गरज नसते, आणि फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचा, नियमही तसे मागत नाही. दोन्ही खेळाडूंचे रेटिंग १८०० च्या खाली असेल तर साठ चालींचा डाव धरून प्रत्येकाला एक तास मिळाला की तो डाव क्लासिकल म्हणून धरला जातो. तीस मिनिटे आणि प्रत्येक चालीला तीस सेकंद दिले की साठ चालींत बरोबर एक तास भरतो. डाव बहुधा दोन तासांत संपतो. शनिवारी दुपारनंतर दोन फेऱ्या, रविवारी तीन. दीड दिवसात पाच पुरे डाव, प्रत्येकाची स्कोअरशीट हातात. जिल्ह्यातल्या जवळजवळ सगळ्या मुलांना हा नियम लागू पडतो, कारण १८०० च्या वरची मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात. भाडे एका दिवसाऐवजी दीड दिवसाचे होईल. ते टाळायचे तर शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी रिकाम्या असणाऱ्या शाळा आहेतच.

गटांची रचनाही बदलायला हवी, आणि इथे आयोजकांचे मन वळवणे जास्त अवघड आहे. वयोगट जितके जास्त तितके चषक जास्त, चषक जितके जास्त तितके खूश पालक जास्त. पण या स्पर्धा ज्या स्विस पद्धतीने होतात, तिच्यात वयोगटांची अडचण अशी की पहिल्या फेरीत वरच्या अर्ध्या यादीतला खेळाडू खालच्या अर्ध्या यादीतल्याशी खेळतो. पहिल्या एक-दोन फेऱ्या एकतर्फी होतात, मधल्या फेऱ्यांत बरोबरीचे खेळाडू समोर येतात आणि तोवर स्पर्धा संपत आलेली असते. पाच फेऱ्यांच्या स्पर्धेत दोन वाया घालवणे परवडणारे नाही. त्याऐवजी वय न पाहता साधारण सारख्या ताकदीच्या सहा-सहा खेळाडूंचे गट केले आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळू दिले, तर पाचही डाव तुल्यबळ होतात. नऊ वर्षांची चुणचुणीत मुलगी पंधरा वर्षांच्या मुलासमोर बसेल. सहाव्या गटातला विजेताही विजेताच राहील, त्यालाही चषक द्यावा. मुलाला खरी वाढ देणारा डाव हा असाच, हरण्याची आणि जिंकण्याची शक्यता जवळपास सारखी असलेला. दहापैकी दहा डाव जिंकणारे मूल आणि दहापैकी दहा हरणारे मूल, दोघेही काही शिकत नाहीत.

रेटिंगकडे पालकांचे डोळे लागलेले असतात, म्हणून त्याचे अंकगणित नीट समजून घ्यायला हवे. १ मार्च २०२४ पासून फिडेने रेटिंगची खालची मर्यादा १००० वरून १४०० केली. नव्या खेळाडूला रेटिंग मिळण्यासाठी आधीच रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव खेळावे लागतात आणि कामगिरी १४०० च्या वर असावी लागते. म्हणजे रेटिंग हे विरजणासारखे आहे, गावात थोडे असेल तरच आणखी लागते. पुण्यात ते भरपूर आहे. सोलापूरच्या मुलाला त्यासाठी पुण्याला किंवा मुंबईला जावे लागते, सोबत पालक, चार-पाच रात्रींचे राहणे, जेवणखाण. जी मुले जाऊ शकतात ती रेटिंग घेऊन येतात खरी, पण गावात परतल्यावर गावातल्या मुलांशी मोठे डाव खेळतच नाहीत, कारण तसे डाव गावात होतच नाहीत. विरजण आणले आणि फडताळात ठेवून दिले.

अठरा वर्षांखालील, २३०० च्या खालच्या खेळाडूसाठी रेटिंग बदलण्याचा गुणक ४० असतो. १५०० रेटिंगच्या मुलाने १७०० वाल्याला हरवले तर त्याला तीस गुण मिळतात, हरला तर दहाही जात नाहीत. लहानपणी रेटिंग असे वर-खाली होणारच, ते तसे व्हावे म्हणूनच गुणक मोठा ठेवला आहे. तरीही गुण जातील या भीतीने पालक मुलाला चांगल्या स्पर्धेतून मागे ठेवतात, किंवा वरच्या खेळाडूशी दहाव्या चालीला ड्रॉ घ्यायला सांगतात. असा ड्रॉ म्हणजे अडीचशे किलोमीटर प्रवास करून न खेळलेला डाव. यात मुलाचा दोष नाही. मोठ्यांनीच त्याच्या पुढ्यातला आकडा त्याच्या खेळापेक्षा मोठा केला.

लहान शहर या खेळाचे घर होऊ शकते का, याचे उत्तर सोलापूरपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. सांगली ही हळदीची बाजारपेठ. ना महानगर, ना राजधानी. तिथे भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या माध्यमातून वर्षानुवर्षे उन्हाळी स्पर्धा भरवल्या. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेती ठरलेली आणि १९८७ साली पद्मश्री मिळवणारी भाग्यश्री साठे, आताची भाग्यश्री ठिपसे, त्याच सांगलीतून पुढे आली. नंतर महिला ग्रँडमास्टर झालेली स्वाती घाटेही सांगलीचीच. सांगलीकडे वेगळे असे एकच होते. दर वर्षी त्याच दिवसांत, त्याच गावात बाहेरचे चांगले खेळाडू येणार आणि गावातल्या मुलांना त्यांच्यासमोर बसायला मिळणार, याची खात्री. एका माणसाने आयुष्य घालून ती खात्री टिकवली. एखाद्या वर्षी मोठे प्रायोजक मिळाले म्हणून लाखाच्या बक्षिसांची स्पर्धा भरवायची आणि पुढे पाच वर्षे काहीच नाही, या पद्धतीने खेळाडू घडत नाहीत.

नागपूरचे उदाहरण वेगळ्या वाटेने तेच सांगते. मुंबई-पुण्यापासून इतक्या लांबच्या या शहरातून काही वर्षांच्या अंतराने तीन ग्रँडमास्टर झाले : २०१९ मध्ये अवघ्या तेराव्या वर्षी रौनक साधवानी, २०२१ मध्ये संकल्प गुप्ता आणि २०२५ मध्ये दिव्या. तिघांच्या जन्मसालांत दोन-तीन वर्षांचेच अंतर. दिव्याचे पहिले प्रशिक्षक राहुल जोशी २०२० साली चाळिशीतच गेले. आपल्या विद्यार्थिनीने ग्रँडमास्टर व्हावे ही त्यांची इच्छा होती आणि दिव्याने आपला किताब त्यांना अर्पण केला. पुण्याहून येणारा प्रशिक्षक आठवड्यातून एकदा येऊन जे देऊ शकत नाही, ते शहरात राहणारा माणूस रोज देतो. सोलापुरातही तळमळीने शिकवणारी माणसे आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांना शिकलेले वापरून पाहायला जागा मिळत नाही, ही त्यांची अडचण आहे.

सोलापूरकडे या खेळासाठी लागणाऱ्या काही गोष्टी आधीच आहेत. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरे एकाच गल्लीत राहतात, आणि पटावर भाषा आड येत नाही. पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगारांच्या आणि विडी वळणाऱ्या बायकांच्या घरांतल्या मुलांना क्रिकेटचे किट घेणे जमत नाही, पण पट आणि सोंगट्या एकदा घेतल्या की वर्षानुवर्षे पुरतात. अडते ते प्रवेश फी आणि प्रवासाशी. शहरात महिन्यातून एकदा दीड दिवसाची स्पर्धा झाली तर प्रवास शहर बसपुरता उरतो. करमाळा किंवा सांगोल्याच्या मुलाला शनिवारी रात्री राहावे लागेल, हे खरे. त्यासाठी अकराही तालुक्यांतून आळीपाळीने स्पर्धा फिरवता येते, किंवा शहरातली बुद्धिबळप्रेमी कुटुंबे आपल्या घरी मुले उतरवून घेऊ शकतात. पंढरीच्या वाटेवरच्या जिल्ह्याला आल्या-गेल्याला ओसरी देण्याचे शिकवावे लागत नाही. फक्त मे महिन्याचा मोह टाळावा. पारा चाळीसच्या वर चढलेला असताना पत्र्याच्या सभागृहात दोन तासांचा डाव खेळवणे मुलांवर अन्याय आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंतचे महिने आणि जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आटोपल्यावरचे काही आठवडे यासाठी जास्त चांगले.

वेळापत्रकात आणखी एका गोष्टीला जागा द्यावी लागेल. डाव संपल्यावर दोघा खेळाडूंनी शेजारच्या खोलीत पट मांडून स्कोअरशीट समोर ठेवायची आणि तू इथे काय विचार केलास, मला या घोड्याची भीती वाटली, असे एकमेकांना सांगत डाव पुन्हा चालवायचा. खेळाडू याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. आज बहुतेक मुले सभागृहाबाहेर पडताच पालकांच्या मोबाइलवर चाली टाकतात आणि स्टॉकफिश हे बुद्धिबळाचे इंजिन सांगते : बाविसावी चाल चूक. का चूक, हे मुलाला समजत नाही, आणि समजून घ्यायची गरजही वाटत नाही. इंजिन घरी गेल्यावर, आधी स्वतः शोधून झाल्यावर वापरावे. प्रतिस्पर्ध्याबरोबर घालवलेली वीस मिनिटे मुलाला दुसरेही काही देतात. ज्याने हरवले तो शत्रू नाही, हे त्याला तिथे कळते. पराभवानंतर आईवडिलांची बोलणी खाणारी मुले प्रत्येक स्पर्धेत दिसतात, पाणी पिण्याच्या टाकीजवळ उभी राहून रडणारी. त्या मुलांना पोस्टमॉर्टेमच्या टेबलावर बसवणे हे पंचांचे आणि आयोजकांचे कर्तव्य मानले गेले पाहिजे.

मुलींचा प्रश्न याच साखळीतला आहे. जिल्ह्यात मुलींचा स्वतंत्र गट असला की त्यात दहा-बारा जणी असतात, त्यांतल्या दोघी-तिघींचीच ताकद जवळपासची असते, आणि दर स्पर्धेत त्याच त्या एकमेकींशी खेळतात. बाकीचे डाव दोन्ही बाजूंना निरुपयोगी. महाराष्ट्राने यावरची लढाई अर्ध्या शतकापूर्वीच लढली आहे. १९७६ साली मुंबईची तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली तेव्हा मोठा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष माक्स यूवे यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. त्या स्पर्धेत तिने तीन राज्यविजेत्या पुरुषांना हरवले. तिची थोरली बहीण वासंती १९७४ साली झालेल्या पहिल्या राष्ट्रीय महिला स्पर्धेची विजेती होती आणि दुसरी बहीण जयश्री आंतरराष्ट्रीय किताब मिळवणारी. तिघींच्या घरातच तुल्यबळ प्रतिस्पर्धी होते, हेही विसरून चालणार नाही. सोलापूरच्या बहुतेक मुलींच्या घरात असे कोणी नसते, म्हणून ते त्यांना गटात मिळायला हवे. मुलींसाठीची बक्षिसे वेगळी ठेवावीत, हवी तर वाढवावीत, पण पेअरिंग सगळ्यांचे एकत्र लावावे. त्याला कोणाची परवानगी लागत नाही, पुढच्या स्पर्धेच्या माहितीपत्रकात एक ओळ बदलली की झाले.